सकर नको, मिशीवाला आणा: विदर्भातल्या घरी शेवाळ खाणारा मासा सांभाळताना

पहिला सकर मी नागपूरहून आणला तेव्हा तो माझ्या करंगळीएवढा होता. दुकानदार म्हणाला, "न्या जी, टाकी साफ ठेवते, खायला काही द्या लागत नाही." दोन वर्षांत तो वीतभर झाला आणि तरी वाढायचा थांबेना. शेपटीच्या एका फटक्यात गोटे उडवायचा, लावलेली झाडं मुळासकट उपटायचा आणि काचेवरचं शेवाळ जिथल्या तिथे. एवढा मासा जेवढं शेवाळ खातो त्याहून जास्त घाण करतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी कंटाळून त्याला बादलीत घातलं आणि बोडीकडे, म्हणजे छोट्या तलावाकडे, निघालो. वाटेत शेजारचे ढीवर काका भेटले. बादलीत डोकावून म्हणाले, "मास्तर, हा पाहुणा आमच्या बोडीत कायले सोडता? चिलापीनं काय केलं ते पाह्यलं ना?" चिलापी म्हणजे टिलापिया, बाहेरून आणलेला आणि आमच्या तलावांत पसरलेला मासा. बादली घेऊन तसाच परत आलो.

आमच्याकडे, म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या लाखनी-साकोलीच्या पट्ट्यात, टाकी पाळणारे फार नाहीत. पण जे आहेत त्यांच्या टाकीत हटकून एक सकर असतो, आणि तो बहुतेक मे महिन्यात मरतो किंवा मोठा झाला म्हणून तलावात जातो. दोन्ही टाळता येतं. त्यासाठी मासा बदलावा लागतो आणि उन्हाळ्याची तयारी हिवाळ्यातच करावी लागते.

कोणता मासा आणायचा

दुकानात "सकर" किंवा "टँक क्लीनर" म्हणून जे पिल्लू मिळतं ते बहुधा मोठ्या प्लेकोचं असतं. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा दीड फुटापर्यंत जाऊ शकतो. आपल्याला हवा तो ब्रिसलनोज प्लेको. तोही तिकडचाच, ॲमेझॉनच्या खोऱ्याकडचा, पण पूर्ण वाढला तरी चार-पाच इंचांचा. नराच्या तोंडावर फाटे फुटलेल्या मिशा येतात, म्हणून आमच्या शाळेतले पोट्टे त्याला मिशीवाला म्हणतात. मीही तेच म्हणतो. नीट ठेवला तर पाच ते दहा वर्षं जगतो.

पिल्लू इंचभराचं असताना मिशा नसतात, त्यामुळे फसगत होते. तेव्हा पाठीवरचा पर पाहायचा. मोठ्या सकरचा पर शिडासारखा लांब-रुंद असतो आणि त्यात काटे-किरणं दहा किंवा त्याहून जास्त मोजता येतात. मिशीवाल्याचा पर आखूड, त्यात सात-आठच. डोकंही रुंद आणि चपटं. मासा काचेला चिकटलेला असताना पर मिटलेला राहतो, म्हणून दुकानदाराला जरा हलवायला सांगा. तो कंटाळेल, कंटाळू द्या.

आणखी एक गोष्ट काचेतूनच दिसते, ती म्हणजे पोट. ते सपाट किंवा किंचित भरलेलं हवं. आत गेलेलं पोट, खोल गेलेले डोळे म्हणजे मासा महिनाभर उपाशी आहे. असा मासा कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका, घरी येऊन तो सहसा सावरत नाही.

घ्यायचा एकच, किंवा एक नर आणि एक मादी. छोट्या टाकीत दोन नर गुहेवरून भांडतात.

टाकी कुठे आणि केवढी

अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच ही टाकी मला योग्य वाटते. काठोकाठ भरली तर साधारण अठ्ठ्याऐंशी लिटर, प्रत्यक्षात वाळू-गोटे धरून पंच्याहत्तर लिटर पाणी बसतं. याहून लहान टाकीत मासा जगतो, पण आपल्या उन्हाळ्यात छोटी टाकी तासाभरात तापते. पाणी जितकं जास्त, तितकं ते सावकाश तापतं.

भरलेल्या टाकीचं वजन शंभर किलोच्या पुढे जातं. शेणानं सारवलेली जमीन डोळ्यांना सपाट दिसते, पण नसते. लेव्हल लावून पाहा, स्टँडच्या पायाखाली फरशीचा तुकडा द्या आणि काचेखाली थर्माकोलचा अर्ध्या इंचाचा पत्रा अंथरा.

जागा निवडताना दिवाणखान्यातली शोभा विसरा. मातीच्या भिंतीची, कवेलूच्या म्हणजे कौलाच्या छताची जुनी खोली असेल तर ती सर्वांत उत्तम. सिमेंटच्या घरात स्लॅबखालची वरची खोली टाळा, पश्चिमेची भिंत टाळा. खिडकीतलं ऊन टाकीवर पडलं तर शेवाळही वाढतं आणि पाणीही तापतं. दिवा सहा ते आठ तास पुरे.

तळाशी वाळू. चुलबंद किंवा वैनगंगेची जाडसर, गोल कणांची वाळू चालते, मात्र धुताना पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची. धारदार कच नको, कारण या माशाचं तोंड खाली असतं आणि तो दिवसभर तळ घासत फिरतो. एक इंच थर बास.

गुहा तर लागतेच, कारण हा मासा दिवसा लपतो आणि रात्री फिरतो. दुकानातल्या प्लास्टिकच्या किल्ल्यावर पैसे घालवू नका. जुन्या घराचं अर्धगोल कवेलू घ्या, ब्रशनं घासा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा आणि उपडं करून वाळूत थोडं रुतवा. पक्क्या भाजलेल्या मातीचं, रंग न लावलेलं हवं. माझ्या नरानं पहिल्याच रात्री त्याचा ताबा घेतला. सोबत टाकीसाठी विकत मिळणारं लाकूड एखादं ठेवा, त्यावर तो तोंड घासत बसतो. ताजं तोडलेलं किंवा चिक असलेलं लाकूड मात्र टाकीत जाता कामा नये. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड असेल तर त्याची गळून वाळलेली दोन पानं धुऊन टाका. पाणी चहासारखं किंचित पिवळं होतं आणि पानं कुजू लागली की मासा ती खरवडतो.

पाणी

नळयोजनेच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. ते उघड्या ड्रममध्ये चोवीस तास ठेवलं की क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर हायपो वापरा, दुकानात त्याला अँटी-क्लोरीन म्हणतात. दहा ग्रॅम खडे शंभर मिली पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवायची आणि दहा लिटरला एक मिली टाकायचं. पावसाळ्यात ग्रामपंचायत हात सैल सोडून पावडर टाकते, पाण्याला वास येतो. त्या दिवशी दुप्पट टाका.

बोअरच्या पाण्याची अडचण वेगळी असते. त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही एअर पंप लावून एक दिवस ठेवायचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो. आकडा दोनशे ते पाचशे असेल तर निश्चिंत राहा, टाकीत पैदास झालेले मासे जड पाण्याला रुळलेले असतात. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी मात्र विहिरीचं पाणी वापरू नये. तिथे नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. पावसाचं धरताना पहिले दोन-तीन जोरदार पाऊस वाहून जाऊ द्या, छतावरची वर्षभराची धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. गावात मिळणाऱ्या आरओच्या कॅनचं पाणी नुसतं घालू नका. त्यात खनिजं उरत नाहीत, म्हणून साध्या पाण्यात निम्मं मिसळा.

टाकी भरली की मासा लगेच सोडायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच पाळत नाही. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशाला विष, तिसरं त्या मानानं सौम्य. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तेवढे दिवस पंप चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळतं. ओळखीच्या कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज मागून आणा, काम निम्म्या दिवसांत होतं. आपलं पाणी बहुधा अल्कधर्मी आणि वर गरम, अशा पाण्यात अमोनिया कित्येक पट जहाल होतो. थंड हवेच्या गावात जी चूक पचते, ती इथे पचत नाही.

या दिवसांत काचेवर तपकिरी थर येईल. घाबरू नका, नव्या टाकीत तो येतोच, आणि मिशीवाला तो आवडीनं खातो.

फिल्टर आणि लाईन

स्पंज फिल्टर आणि एअर पंप. यापुढे काही घेऊ नका, विशेषतः गावात. पंप तीन-चार वॉटचा असतो, लाईन गेली तर छोट्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालतो. बॅटरीवर चालणारा पंपही मिळतो, तो एक कपाटात असू द्या. मोठ्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये लाईन गेली की पाणी थांबतं, प्राणवायू संपतो आणि आतले जिवाणू मरायला लागतात. चार तासांनी लाईन आली की ती सगळी घाण टाकीत येते.

पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाईन गेल्यावर नळीतून पाणी उलटं येतं. वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन वर न्या, म्हणजे ओघळ बोर्डात जात नाही.

माझी एक चूक इथे सांगतो. डासांचं लिक्विडचं मशीन मी पंपाशेजारच्याच सॉकेटला लावलं होतं. पंप खोलीतली हवा ओढतो आणि थेट पाण्यात सोडतो, हे लक्षात आलं तोवर चार गप्पी मासे गेले होते. डास मारायची ही बहुतेक औषधं पायरेथ्रॉइड गटातली असतात आणि माशांना ती अगदी थोडी असली तरी बाधतात. तेव्हापासून पंप आतल्या खोलीत आणि लांब नळी टाकीपर्यंत. कापसावर किंवा धानावर फवारणी करून आल्यावर साबणानं हात धुतले तरी त्या दिवशी टाकीत हात घालायचा नाही. गावात धुराची फवारणी असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवायच्या आणि टाकी ओल्या चादरीनं झाकायची.

घरी आणताना

नागपूरहून एसटीनं आणायचा तर पिशवी ओल्या फडक्यात गुंडाळून कापडी थैलीत ठेवा, मांडीवर घ्या. मार्च ते जूनमध्ये आणूच नका. दिवाळी ते संक्रांत हा काळ चांगला, त्यातही दिवसाचा प्रवास.

घरी आल्यावर बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या. मग तोंड उघडून दर पाच मिनिटांनी कपभर टाकीचं पाणी पिशवीत घाला, असं सहा-सात वेळा. नंतर मासा कपानं उचलून सोडा. जाळी वापरू नका. याच्या परांना आणि गालांना बारीक काटे असतात, ते जाळीत अडकतात आणि सोडवताना मासा जखमी होतो. दुकानातलं पाणी टाकीत ओतायचं नाही, सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, झाडांना घाला.

खाणं

"शेवाळ खातो, वेगळं काही लागत नाही" या एका वाक्यानं जितके मासे मेले, तितके उन्हानंही मेले नसतील. स्वच्छ टाकीतलं शेवाळ त्याला चार दिवस पुरतं. पुढे तो उपाशी.

रोज रात्री दिवा बंद केल्यावर बुडणारी एक स्पिरुलिना वेफर, म्हणजे शेवाळाच्या खाद्याची टिकली. आठवड्यातून दोन-तीनदा भाजी. काकडीची जाड चकती, दोडका, दुधी किंवा पालकाची दोन पानं. दोडका-दुधी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवून थंड करायचा, मग तो बुडतो आणि मऊही होतो. काकडी तरंगते, तिला स्टीलच्या काट्याला टोचून सोडा. भाजी शक्यतो सांदवाडीतली, फवारा न मारलेली. बाजारची असेल तर साल काढून, खळखळून धुऊन. हिवाळ्यात ती रात्रभर टाकीत राहिली तरी चालते. उन्हाळ्यात चार-पाच तासांत काढा, नाहीतर पाणी नासतं.

आणि तो काय खात नाही हेही ऐका. काचेवरची हिरवी-तपकिरी साय तो चाटून साफ करतो. पानांच्या कडांवरचे काळे केस, पाण्यालाच आलेला हिरवा रंग, लांब धाग्यांचं शेवाळ, याला तो तोंड लावत नाही. ते दिसलं तर दिवा कमी करा, खाद्य कमी करा, पाणी बदला. माशावर ढकलू नका.

उन्हाळा

नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. मिशीवाल्याला लागतं २२ ते २७. काही दिवस ३० चालतं, ३२ च्या पुढे धोका. मासा उकाड्यानं मरण्याआधी बहुधा गुदमरतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातही नाही. आणि गरम पाण्यात माशाला श्वास जास्त लागतो. मिशीवाला अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, ती त्याची जन्मजात सोय आहे. पण दर दोन मिनिटांनी वर येत असेल तर तो मदत मागतो आहे.

होळी झाली की मी टाकीचं झाकण काढून मच्छरदाणीचं कापड लावतो आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडतो. बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, म्हणजे रांजण जसा थंड होतो तसंच. मात्र त्याच खोलीत कूलर असेल तर हवा आधीच दमट असते, मग पंख्याचा उपयोग फारसा होत नाही. तिथे कूलरनंच खोली थंड होते आणि तेवढ्यावर भागतं. टाकी कूलरच्या अगदी तोंडासमोर नको, वाळ्याचा कचरा आत येतो.

दुपारी तापमापक ३१ दाखवू लागला की बर्फाची बाटली. हिशोब सोपा आहे: एक लिटर बर्फ वितळून टाकीच्या पाण्याइतका कोमट होईपर्यंत ७५ ते ८० लिटर पाणी साधारण दीड अंशानं उतरवतो. म्हणून एका वेळी एकच बाटली, झाकण घट्ट, दोन तासांनी गरज पडली तर दुसरी. चार बाटल्या एकदम टाकून एका फटक्यात सहा अंश उतरवलं तर मासा धक्क्यानं आजारी पडतो. फ्रीजमध्ये बाटल्या होळीपासूनच भरून ठेवा, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ सर्वांत तापते दिवस, लागल्यावर फ्रीजही दमतो.

लाईन गेली, बॅटरीही संपली, तर तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी भरून वीतभर उंचीवरून परत ओता, पाच मिनिटं, दर अर्ध्या तासाला. घरातली मुलं हे काम भांडून करतात.

उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आपण नवीन पाणी भरतो आणि समजतो की पाणी बदललं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत, ते मागेच राहून साठत जातात. म्हणून वर भर घातली तरी आठवड्याला पाव टाकी पाणी काढून बदलायचंच. मेमध्ये पाण्याची टंचाई असते, बायको डोळे वटारते. काढलेलं पाणी तुळशीला आणि वांग्यांना घालतो, तेव्हा ती गप्प बसते.

हिवाळ्याचं थोडक्यात: रात्री दहाच्या खाली जाणाऱ्या आठवड्यात शंभर वॉटचा, आपोआप बंद होणारा हीटर २४ वर लावा. नसेल तर टाकीच्या तीन बाजूंना थर्माकोल.

अंडी दिली तर

नर-मादी असतील तर एखाद्या दिवशी कवेलूखाली नारिंगी अंड्यांचा घोस दिसेल आणि नर त्यावर बसून परांनी वारा घालत असेल. माझ्याकडे हे जूनमध्ये झालं, मृगाचा पाऊस पडून थंड पाणी टाकल्यावर. थोडं गार पाणी मिळालं की या माशाला पावसाळा आल्यासारखं वाटतं. अंडी आठवडाभराच्या आत-बाहेर फुटतात, आणखी काही दिवस पिल्लं पोटाशी लटकलेल्या बलकावर जगतात. नराला हलवू नका, कवेलू उचलून पाहू नका. पिल्लं काचेवर दिसायला लागली की उकडलेला पालक रोज.

एका घोसात पन्नास-साठ पिल्लं सहज निघतात, आणि मग पुन्हा बादली घेऊन बोडीकडे जायचा मोह होतो. मोठ्या सकरच्या जातीनं कोलकात्याच्या पाणथळीत, केरळ-आंध्रच्या पाण्यात बस्तान बसवलं आहे. ते मासे काठात बिळं करतात, त्यांच्या काट्यांनी जाळी फाटतात, बाजारात त्यांना भाव नाही. आपल्या भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या पाळी मातीच्या आहेत. चिलापी १९५२ मध्ये देशात आणली, ती आज कुठल्या तलावात नाही ते सांगा. थाय मांगूर या परदेशी माशावर सन २००० मध्ये बंदी आली, तरी तो चोरून पाळला जातोच.

जास्तीची पिल्लं इंचभराची झाली की दुकानदार घेतो, बदल्यात वेफरचं पाकीट देतो. उरलेली शाळांमध्ये वाटा. नको असेल तर पुढच्या वेळी कवेलू काढून ठेवा, गुहा नसली तर सहसा अंडी देत नाहीत. आणि मोठा झालेला सकर घरात असेलच, तर आधी दुकानदाराला विचारा, नाही म्हणाला तर ज्यांच्याकडे सहा फुटी टाकी किंवा सिमेंटचा बंदिस्त हौद आहे असा माणूस शोधा. माझा सकर आता तुमसरच्या एका घरच्या हौदात आहे. दीड वर्षांपूर्वी पाहून आलो, कोपराएवढा झालाय.